दर्शनी बाजूला मासे

आमच्या बाजारातली जुनी दुकानं फळ्यांची होती. सकाळी दुकानदार एकेक फळी खाचेतून काढायचा, भिंतीला लावून ठेवायचा, की झालं दुकान उघडं. पुढे ओटा असायचा. त्या ओट्यावर कोणी पण बसायचं. एसटी चुकलेला माणूस बसायचा, दवाखान्यात आलेली बाई पोराला पाजत बसायची. दुकानदार उठ म्हणायचा नाही. फार तर "सर गो जरा" म्हणायचा, गिऱ्हाइकाला वाट करायला.

मग शटर आलं. शटरची दुकानं सगळी एका साच्यातली. रस्त्यापासून उंच जोतं, जोत्याला पायऱ्या, पायऱ्यांना चकचकीत लादी, वर रंगीत बोर्ड नि बोर्डाच्या पोटात दिवे. ओटा गेला. सावंतवाडीला मोठ्या मुलीच्या लग्नाचं कापड घ्यायला गेले होते, तिथे तर दार पण काचेचं. मी आपली सरळ चालत गेले नि कपाळ आपटलं. आतला माणूस धावत आला. मला वाटलं मला धरायला येतोय. तो काचेला तडा गेला का ते बघत होता.

आमच्या गावात पण तसलीच इमारत झाली नि तिच्यापायी आम्हा मासेवाल्या बायकांची नि पंचायतीची जुंपली. ती गोष्ट सांगते. माझी बोली मालवणी. पण परगावचं गिऱ्हाईक आलं की मी त्याच्यासारखं बोलते, तसंच इथे बोलते. जिथे मालवणी सुटेल तिथे सुटूदे.

आमचा मासेबाजार म्हणजे रस्त्याच्या कडेला एक कौलारू छप्पर. चारी बाजू उघड्या. खाली दगड बसवलेले. एसटी थांबते तिच्या तोंडावर पुढची ओळ, त्या ओळीत माझी जागा. माझी म्हणजे सासूची, सासूच्या आधी तिच्या सासूची. कागद नव्हता, कोणी मागितला पण नव्हता. आमच्यात रीत होती. घरात कोणी गेलं नि सुतक आलं, की शेजारीण त्या बाईच्या जागेवर एक पाटी पालथी घालून ठेवते. ती पाटी तिथे असेपर्यंत त्या जागेवर कोणी बसत नाही, कितीही गर्दी असूदे.

माझ्या जागेवर पण एकदा पाटी पालथी पडली होती. घोव, म्हणजे नवरा, गेला तेव्हा. समुद्रात नाही गेला, बिछान्यात गेला. पोटात पाणी झालं होतं. धाकटी तेव्हा अंगावर पीत होती, सासूचे डोळे गेले होते. सुतक फिटलं तशी मी बाजारात गेले. माझी शेजारीण, माझ्याहून वयाने मोठी, तोंडाने तर फारच मोठी, तिने पाटी उचलली नि म्हणाली, "बस. आज बांगडो बरो आसा." मी बसले. त्या जागेवर बसूनच मी सासूला शेवटपर्यंत सांभाळलं, दोन्ही मुली वाढवल्या. ती जागा गेली असती तर मला दुसरं काही येत नव्हतं, नि माझ्याखेरीज पोटं तीन होती.

मासे बसूनच विकायचे असतात. आदोळीच्या, म्हणजे विळीच्या, पाटावर पाय दाबून बसायचं, दोन्ही हात मोकळे. गिऱ्हाईक वाकून कल्ला उघडून बघतं. मी बसलेली, ते वाकलेलं, तोंडासमोर तोंड येतं. मग मी त्याच्या डोळ्यात बघते नि सांगते, कालचा नाही, आजचा आहे. मासा असा विकला जातो.

तर एक दिवस छपराच्या खांबाला एक मोठं चित्र लावलेलं दिसलं. दोन मजली इमारत, निळी काच, पुढे लाल गाडी, आमच्या मातीत कधी उगवली नाहीत तसली झाडं. सूटबूट घातलेली माणसं बॅगा घेऊन चालली होती. कुठे चालली होती देव जाणे, आमच्या गावात सूट घालून कोणी नवरा पण उभा राहत नाही. मी चित्रात आम्हाला शोधत होते. सरपंच तिथेच होता. मला काकी म्हणायचा, लहानपणापासून आमच्याकडचे मासे खाल्लेला.

मी विचारलं, "ह्येच्यात आमी खंय आसंव रे?"

"तुमी मागच्या बाजूक, काकी. सोतंत्र हॉल तुमका. लादी, नळ, पंखो. राणीसारख्या बसतल्यात."

"आणि पुढे कोण?"

"पुढे गाळे. मेडिकल, कापड, मोबाईल."

"मोबाईल सांजेपर्यंत नासता काय रे? तेका घाल मागे."

सगळ्या बायका हसल्या. तो पण हसला, नि जाता जाता म्हणाला, "काकी, तुका नाय कळायचा ता."

छप्पर पाडलं. कौलं कोण घेऊन गेलं कळलं नाही. इमारत उभी राहीपर्यंत आम्ही पुलाकडे, उघड्या रस्त्यावर बसलो. पावसाळे तिथेच काढले. वर प्लास्टिक, खाली चिखल, नि डंपर गेला की पाटीत लाल पाणी. माझ्या पायाची बोटं सडली. एकजण कंटाळून गोव्याकडे कंपनीत सुंगटं, म्हणजे कोळंबी, सोलायला गेली. तिचं पण बरोबर होतं, तिथे डोक्यावर पत्रा होता.

इमारत झाली तेव्हा मी नि शेजारीण आत बघायला गेलो. इंजिनेर होता, कोल्हापूरकडचा, तरणा पोरगा. चांगला होता बिचारा, त्याने स्वतः हिंडून दाखवलं. पुढे सगळे गाळे, शटर लावलेले. गाळ्यांपुढे लांब पॅसेज, वर सिमेंटचा छज्जा. मधून एक बोळ. बोळ संपतो तिथे पायऱ्या, नि पायऱ्या चढून आमचा हॉल. खिडक्या आढ्याला टेकलेल्या, तिथून आभाळ दिसेल, रस्ता नाही. दार एकच, त्याला पण शटर, नि चावी पंचायतीच्या शिपायाकडे.

शेजारीण म्हणाली, "आणि रापण सांजेची इली तर? मासे काय कुलपाक इकूचे?" रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं जाळं, ते येईल तेव्हा मासे.

तो म्हणाला, "वेळ ठरवून घेऊ ना मावशी."

आत कमरेइतके उंच ओटे, वर पांढरी लादी. पहिल्या ओट्यापाशी मी विचारलं, "ह्येच्यार काय?"

"मासे मांडायचे. तुम्ही मागे उभ्या राहायचं, गिऱ्हाईक पुढे. माशा नाहीत, कुत्रं नाही, कोणाला वाकायला नको."

"नि कापायचा कसा?"

"उभ्यानेच. सुरीने."

शेजारणीने पिशवीतनं आदोळी काढली, ओट्यावर ठेवली. उभं राहून पाटावर पाय ठेवायला गेली तर पाय पोचेना. मग ती चढली. लुगडं खोचून, गुडघे मोडत, ओट्यावर जाऊन बसली. डोकं पंख्याला लागायचं बाकी राहिलं.

मी म्हटलं, "गे बाये, चवथीचो गणपती दिसतंस."

ती वरून म्हणाली, "आरती कर मगे. पण आधी माका खाली उतरव."

इंजिनेर पण हसला, आम्ही दोघांनी धरून तिला उतरवली. मग मी त्याला नीट विचारलं, शहरी मराठीत. म्हटलं, "दादा, आम्हाला पुढे का नाही ठेवलं?"

त्याने पण नीट सांगितलं. म्हणाला, "मावशी, ही दर्शनी बाजू. कुठल्याही व्यापारी इमारतीत सगळ्यात किमतीची जागा रस्त्याकडची असते. दिसतं तेच विकतं. त्या गाळ्यांच्या भाड्यावरच ही इमारत उभी आहे. पुढे मासे ठेवले तर वासाने कापडवाला एक दिवस टिकणार नाही."

त्याचं खोटं नव्हतं. दिसतं तेच विकतं. मला पण तेवढंच ठाऊक होतं, म्हणून तर मी ती जागा सोडणार नव्हते. एसटीतून उतरलेला माणूस माझी पाटी बघून ठरवतो आज जेवणात काय. तो बोळातून जाऊन, पायऱ्या चढून, आत काय आहे बघायला येणार नाही. तो रस्त्यावरचीच कोंबडी घेईल नि जाईल.

घरी येऊन मी सासूला सांगितलं. ती आंधळी, खाटेवर पडून. म्हणाली, "तू काय केलंस?"

"काय नाय. बघून इलंय."

"बघूक माझे डोळे गेलेत, तुझा तोंड गेलाहा काय?"

मग आम्ही पंचायतीत गेलो. तिथे आम्हाला बाकावर बसवलं, पंखा लावला, चहा दिला. चहा दिला तेव्हाच मी ओळखलं की दुसरं काही मिळणार नाही. सरपंच म्हणाला, आता इमारत झाली, ती काय मोडून परत बांधायची? उद्घाटनाला या, पुढे उभ्या राहा, फोटो येईल.

उद्घाटनाच्या दिवशी मांडव, माईक, झेंडूच्या माळा. वर खुर्च्यांवर पाहुणे. आम्हाला नवी लुगडी नेसून पुढच्या रांगेत उभं केलं होतं. फोटोत आम्ही पुढे, हॉलमध्ये मागे, असा हिशोब.

आमच्याकडे कुठलंही काम गाऱ्हाण्याशिवाय सुरू होत नाही. गावचा मानकरी हातात नारळ धरून देवाला गाऱ्हाणं घालतो, नि जमलेल्या सगळ्यांनी त्याच्या प्रत्येक बोलाला "व्हय म्हाराजा" म्हणायचं. म्हणजे ते मागणं त्या एकट्याचं राहत नाही, सगळ्यांचं होतं. आमचा मानकरी तेव्हा म्हातारा, वाकलेला, पण आवाज असा की माईक बाजूला ठेवायला लावला त्याने.

"बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आज तुझी ही लेकरां ह्या नव्या इमारतीच्या दारात जमली आसत. तेंची राखण कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"हयसर जे दुकानदार इले आसत, तेंच्या धंद्याक बरकत दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" मी पण म्हटलं. त्यांचं वाईट कशाला चिंतू?

"आमच्या मासेवाल्या बायका मागच्या हॉलात जातत, तेंका थंय सुखात ठेव रे म्हाराजा!"

माझं तोंड उघडलं होतं, शब्द येईना. ठरवलं बिरवलं काही नव्हतं. देवाला सांगायचं की मी जाते, नि मी तर जाणार नव्हते. मी तोंड मिटलं. शेजारणीने माझ्याकडे बघितलं नि तिने पण मिटलं. पुढची रांग सगळी गप्प. मागच्या पुरुषांतून दहापंधरा जण सवयीने म्हणाले, पण पावसात भिजलेल्या लवंगीसारखं, फुस्स झालं.

मानकरी थांबला. त्याला वाटलं ऐकू गेलं नाही. त्याने परत म्हटलं, मोठ्याने. आता मागचे पण गप्प झाले. आमचेच दीर, भाऊ, बोटीवरचे पुरुष होते ते. आम्हाला बघून त्यांनी पण मान खाली घातली. एकटा ठेकेदार, घाटावरचा, त्याला काय माहीत. तो खणखणीत ओरडला, "होय महाराज!"

शेजारीण म्हणाली, "ह्येका बिलाची घाय आसा."

मांडवात हशा पिकला. मानकरी हसला नाही. त्याने नारळ छातीशी धरला नि मला विचारलं, "कित्या गप ऱ्हवलंस गो?"

"देवासमोर खोटा व्हय माझ्या तोंडातसून येवचा नाय."

"मग खरा काय ता सांग."

"आमी पुढे बसतलंव. रस्त्याकडे. खाली, जमनीर. ह्या सांग देवाक."

सरपंच धावत खाली आला. चेहरा लाल. "काकी, ही काय वेळ आसा?"

"हीच वेळ. मगे तू माका गावतलंस खंय?"

"चार माणसांत माझी इज्जत घालवतंस?"

"तुझी इज्जत पुढच्या गाळ्यात आसा. माझी खंय आसा ता सांग."

तो मानकऱ्याकडे वळला. म्हणाला, "तुमी पुढे चला, आबा. फोडा नारळ."

मानकरी आमच्या बाजूचा नव्हता. त्याचा नातू मोबाईलच्या गाळ्यात बसणार होता. पण गाऱ्हाण्याचं त्याचं त्याला होतं. तो म्हणाला, "सगळ्यांचो व्हय नाय तवसर नारळ फुटूचो नाय. माका देवाक तोंड दाखवचा आसा, तुका पुढल्या इलेक्शनात काय ता तू बघ."

वर पाहुणे घड्याळ बघायला लागले. एकाने रुमालाने मान पुसली. उन्हात पोरं रडायला लागली, पण उठून कोणी गेलं नाही. सरपंच वर गेला, कोणाच्या तरी कानाला लागला, परत खाली आला. माझ्याकडे न बघता म्हणाला, "बरा. सध्या बसा पुढे. पॅसेजात."

मी म्हटलं, "देवाक 'सध्या' सांगतलंस? सांग तर. ऐकूया आमी पण."

त्याने मानकऱ्याकडे बघून नुसता हात हलवला. मानकऱ्याने तेवढ्यावर समजून घेतलं. नारळ परत वर धरला.

"आमच्या मासेवाल्या बायका आपल्या जाग्यार, रस्त्याकडे बसतत, तेंच्या पाटयेक बरकत दी रे म्हाराजा!"

तेव्हाचं ते व्हय म्हाराजा. ओरडून माझा घसा बसला, दोन दिवस भाव हाताने सांगत होते.

ते झालं म्हणजे सगळं झालं असं नाही. शब्द दिला तरी सिमेंटला तो ऐकू जात नाही. पॅसेजची लादी गुळगुळीत. पाणी सांडलं की गिऱ्हाईक घसरायचं, मग आम्ही गोणपाट घातले. कापडवाला सकाळी फिनेल टाकून पॅसेज धुवायचा, ते पाणी मुद्दाम आमच्या अंगाकडे ढकलायचा. आम्ही उठायचो, पाणी जाऊ द्यायचो नि बसायचो. मग पंचायतीने पॅसेजच्या पायऱ्यांच्या कडेला लोखंडी कठडा घातला, कोणी टेकू नये म्हणून वर टोकं. टोकांना ताडपत्री बांधायला बरी पडली. छज्ज्याची सावली नऊला संपते, ताडपत्रीची दिवसभर असते.

एका सोमवारी, आमचा बाजार कमी असतो त्या दिवशी, आम्ही बसतो नेमक्या त्या जागांवर सिमेंटच्या कुंड्या मांडून ठेवलेल्या. शोभेची झाडं, त्या चित्रातल्यासारखी. आम्ही एकेका कुंडीला तिघी तिघी लागलो, बोळातून नेल्या, पायऱ्या चढवल्या नि मागच्या हॉलमध्ये ओट्यांवर मांडल्या. शिपाई ओरडत आला. शेजारीण त्याला म्हणाली, "आरे, भितर नळ आसा, पंखो आसा. राणीसारखी ऱ्हवतली झाडां."

दोघीजणी मध्ये हॉलमध्ये जाऊन बसल्या होत्या. उन्हाला कंटाळून. मी त्यांना काही म्हटलं नाही, पोट ज्याचं त्याचं. चतुर्थीच्या आधीच परत आल्या, पाट्या भरलेल्या तशाच. नळ मात्र खरंच बरा आहे. हात धुवायला आम्ही अजून तिथेच जातो. बरं ते बरं म्हणायला मला काही होत नाही.

सासू गेली ती त्यानंतर. मुलींची लग्नं झाली. शेजारणीचे गुडघे गेले, आता तिची सून बसते तिच्या जागेवर, नि तोंड सासूपेक्षा चढ आहे. मेडिकलवाला आमच्याकडूनच मासे नेतो. कापडवाल्याने गाळा सोडला. वासाने सोडला म्हणतो तो. असेल. नवीन आला तो चपला विकतो, त्याला वासाचं काही नाही.

परवा एक साहेब आले, पंचायतीत नवे. हातात फाईल, पायात मोजे. माझ्यापुढे उभे राहिले.

"आजी, तुमची जागा आत आहे. नकाशात तसं आहे."

"नकाशा काढला तेव्हा मी इथेच बसलेली होते, साहेब."

"हा पॅसेज लोकांना येण्याजाण्यासाठी असतो."

"मग येवा, जावा. मी कोणाक अडवलंय?"

"आजी, मी साधेपणाने सांगतोय. उद्या मला उठवावं लागेल."

"उठवा. मी परत बसतलंय. बसूची सवय आसा माका, उठवची तुमका करूची लागात."

त्यांना मालवणी कळली की नाही कोण जाणे. ते हलेनात. त्यांच्या मागे एसटीतून उतरलेली एक बाई पिशवी घेऊन थांबली होती, मान वाकडी करून पाटीत बघत होती. मी साहेबाच्या बगलेखालून हात काढला नि तिच्यासमोर बांगड्याचा कल्ला उघडून धरला. लालबुंद होता.

"घे गो," मी म्हटलं. "आजचो आसा."